पित्त शमले, दमा का शमला नाही?

काही विधाने इतकी सोयीची असतात की त्यांची परीक्षा घ्यावी असे कुणाला वाटतच नाही. 'दमा औषधांना दाद देत नाही ना? मग मूळ पोटात आहे. आधी ॲसिडिटी बरी करा, दमा आपोआप आटोक्यात येईल.' हे विधान त्यांपैकीच एक. आमच्या बार्शी भागात ते दवाखान्याच्या बाकावर ऐकू येते, औषधाच्या दुकानात ऐकू येते आणि एस.टी.त शेजारी बसलेला माणूसही ते तितक्याच खात्रीने सांगतो. परिणाम असा होतो की दम्याच्या रुग्णाच्या पिशवीत तोंडाने ओढायच्या पंपाशेजारी, आणि पुष्कळदा त्या पंपाच्या जागी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची 'पित्ताची गोळी' येऊन बसते.

या विधानाची छाननी हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे विधान निव्वळ थोतांड नाही. तसे असते तर ते खोडून काढणे सोपे होते. त्यात तथ्याचा अंश आहे, त्यामागे शरीरशास्त्र आहे, प्रामाणिक डॉक्टरांचा अनुभवही आहे. आणि तरीही ज्या स्वरूपात ते आपल्यापर्यंत पोचते त्या स्वरूपात ते टिकत नाही. असे का होते हे पाहिले तर दम्याबद्दल चार गोष्टी कळतीलच, शिवाय 'कारण' या शब्दाबद्दलही काही कळेल. विज्ञानशिक्षकाला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच उपयोगी आहे.

एक शब्द, चार अर्थ

आधी शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत 'पित्त' म्हणजे नेमके काय? आयुर्वेदात तो वात आणि कफ यांच्या जोडीचा एक दोष आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनाला मदत करणारा रस. तो आम्लधर्मी नसतोच. घरात 'पित्त झालंय' म्हणताना आपल्याला छातीतली जळजळ, आंबट ढेकर किंवा डोकेदुखी अभिप्रेत असते. आणि अंगावर गांधी उठून खाज सुटली, आमसुलाचे पाणी चोळायची वेळ आली, की तेही 'पित्त उठणे'च.

यातला चौथा प्रकार पुष्कळदा ॲलर्जीचा असतो, आणि दम्याचेही ॲलर्जीशी नाते आहे. त्यामुळे 'अंगावर पित्त उठतं आणि दमही लागतो' हे एखाद्याच्या बाबतीत अगदी खरे असू शकते. पण त्याचा जठरातल्या आम्लाशी संबंध असेलच असे नाही. शब्द एकच असल्यामुळे उपचारही एकच, असा घोटाळा होतो. या लेखात आपण फक्त एका गोष्टीबद्दल बोलणार आहोत: जठरातले आम्ल उलट्या दिशेने वर अन्ननलिकेत येणे. त्याला आपण आम्लाचा उलटा प्रवाह म्हणू.

कल्पना आली कुठून

पोटाचा आणि दम्याचा संबंध ही काही आजची कल्पना नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात उचकी आणि श्वास या दोन्ही विकारांचा उगम पित्तस्थानी सांगितला आहे. १८९२ साली विल्यम ऑस्लर यांचा वैद्यकशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यातही पोट भरगच्च भरल्याने दम्याचा झटका येऊ शकतो, म्हणून असे रुग्ण मुख्य जेवण दुपारी उरकतात, अशा अर्थाची नोंद आहे. निरीक्षण म्हणून या नोंदींना मोल आहे. मात्र चरकांचे पित्तस्थान आणि आजच्या रसायनशास्त्रातले हायड्रोक्लोरिक आम्ल यांची थेट बरोबरी करून 'आमच्याकडे हे आधीच सिद्ध झाले होते' म्हणणे बरोबर होणार नाही. निरीक्षण ही पहिली पायरी असते, सिद्धता पुढची.

शरीररचनेकडे पाहिले तर कल्पना अधिकच पटू लागते. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या पुढच्या नळीलाच एक कोंब फुटतो आणि त्यातून श्वासनलिका व फुप्फुसे तयार होतात. म्हणजे अन्ननलिका आणि श्वासनलिका या जन्मापूर्वीच्या सख्ख्या बहिणी. दोघींनाही व्हेगस या एकाच चेतेच्या शाखा जातात. त्यामुळे दोन शक्यता मांडल्या गेल्या. पहिली अशी की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्ल लागताच व्हेगसमार्फत प्रतिक्षिप्त क्रिया होऊन श्वासनलिका आकसतात. दुसरी अशी की आम्लाचे सूक्ष्म थेंब घशापर्यंत येऊन झोपेत श्वासनलिकेत उतरतात आणि तिथे दाह निर्माण करतात.

या आम्लाची ताकद विद्यार्थ्यांना सामूवरून सांगता येईल. जठररसाचा सामू २ च्या आसपास असतो, तर अन्ननलिकेतला साधारण ७. सामू एका एककाने उतरला की आम्लता दहापट होते. म्हणजे हा फरक एक लाख पटींचा आहे. हे आम्ल सहन करायला जठराला श्लेष्माचे अस्तर आहे, अन्ननलिकेला तसे नाही, श्वासनलिकेला तर नाहीच. तेव्हा 'आम्ल वर आले तर दमा का बळावणार नाही?' हा प्रश्न रास्त वाटतो. पण रास्त वाटणे हा पुरावा नव्हे.

सोबत असणे आणि कारण असणे

दम्याच्या रुग्णांत आम्लाचा उलटा प्रवाह पुष्कळ आढळतो, यात शंका नाही. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात दम्याच्या सुमारे ५९ टक्के रुग्णांना छातीत जळजळ किंवा आंबट पाणी येण्याची तक्रार आढळली, तर दमा नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. नाकावाटे अन्ननलिकेत बारीक नळी सोडून दिवसभर सामू मोजला तेव्हा दम्याच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत प्रवाह प्रमाणाबाहेर होता.

आता इथेच थांबून विद्यार्थ्यांना विचारावे: यावरून काय सिद्ध झाले? घाईचे उत्तर येईल, 'आम्लामुळे दमा होतो.' पण याच आकड्यांतून उलटे विधानही तितक्याच सहज निघते: दम्यामुळे आम्ल वर येते. दम्याच्या झटक्यात हवा आत कोंडून फुप्फुसे फुगतात, श्वासपटल खाली दबून सपाट होते आणि जठराच्या तोंडाशी असलेली त्याची पकड सैल पडते. श्वास ओढताना छातीतला दाब नेहमीपेक्षा जास्त उतरतो, त्यामुळे पोटातले द्रव्य वर खेचले जाते. खोकल्याची उबळ पोटावर दाब देते. आणि दम्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या थिओफिलीन वर्गाच्या गोळ्या अन्ननलिकेच्या टोकाचा झडपेसारखा स्नायू सैल करतात. दम्याच्या औषधानेच पित्त वर यावे आणि त्या पित्ताला दम्याचे कारण ठरवावे, असा हा प्रकार होऊ शकतो.

तिसरीही शक्यता आहे. वजन जास्त असलेल्यांत दमाही अधिक आढळतो आणि छातीतली जळजळही. तिथे दोन्ही तक्रारींच्या मागे तिसरेच काही असेल.

मग उपचारांचा अनुभव काय सांगतो? १९९८ साली दोघा संशोधकांनी तोवरच्या १२ अभ्यासांचा, म्हणजे ३२६ रुग्णांचा, चिकित्सक आढावा घेतला. आम्ल कमी करणारी औषधे घेतल्यावर ६९ टक्के रुग्णांनी दम्याची लक्षणे सुधारल्याचे सांगितले. आकडा मोठा आहे. पण त्याच रुग्णांनी यंत्रात फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजली तेव्हा तीत फरक आढळला नाही. रुग्ण खोटे बोलत होते का? मुळीच नाही. दमा हा चढउताराचा आजार आहे. माणूस डॉक्टरकडे जातो तो सहसा सर्वांत वाईट दिवसांत. त्यानंतरचे दिवस औषध न घेताही थोडे बरे असण्याचा संभव असतो. त्यात नवे औषध मिळाल्याचा दिलासा मिसळतो. छातीतली जळजळ थांबल्याने झोप चांगली लागते, आणि झोप लागली की सगळेच बरे वाटते. हे सारे खरे असूनही दमा होता तिथेच असू शकतो. म्हणून तुलना लागते, आणि ती योग्य रीतीने करावी लागते.

शेजारच्या गावांतली तुलना

योग्य तुलना म्हणजे काय हे समजायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या आणि कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा प्रयोग केला. प्रश्न असा होता की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कोणत्या तपासणीने कमी होतात. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. कोणत्या समूहाला कोणती तपासणी हे कुणाच्या मर्जीवर सोडले नव्हते. ते यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरवले होते. एका गटाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगरसारखा द्रव लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, आणि चौथ्याला नेहमीचीच व्यवस्था.

तिन्ही तपासण्या ऐकायला सारख्याच समंजस वाटतात. आठ वर्षांनी निकाल पाहिला तेव्हा विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू होते, तुलनेच्या गटात ६४. उरलेल्या दोन तपासण्यांनी मात्र त्या प्रयोगात मृत्यूंत ठळक घट केली नाही. तुलनेच्या गटाला एकही चाचणी न देण्याबद्दल पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. वर्गात हा विषय निघाला तर ती बाजूही मांडलीच पाहिजे. पण प्रयोगाचा तर्क स्पष्ट आहे: समंजस वाटणाऱ्या गोष्टींपैकी कोणती खरोखर उपयोगी पडते, ते तुलनेवाचून कळत नाही.

हा निबंध २ एप्रिल २००९ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच नियतकालिकाच्या पुढच्याच, ९ एप्रिलच्या अंकात दमा आणि आम्ल यांच्याबद्दलचा निर्णायक ठरलेला प्रयोग आला.

आम्ल काढून घेतले तेव्हा

असा प्रयोग शक्य झाला तो औषधांमुळे. जठराच्या भिंतीतल्या पेशी एका प्रथिनाच्या साह्याने हायड्रोजनचे आयन जठरात ढकलतात. त्या प्रथिनाला प्रोटॉन पंप म्हणतात. हा पंप बंद पाडणारे पहिले औषध, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आले. पॅन्टोप्राझोल, लान्सोप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडे. आधीची आम्लविरोधी औषधे अर्धवट काम करत. यांनी आम्ल जवळजवळ थांबवता येऊ लागले. आम्ल हे जर दम्याचे कारण असेल, तर आम्ल काढून घेतल्यावर दमा सुधारलाच पाहिजे. कसोटी सरळ होती.

अमेरिकन लंग असोसिएशनच्या दमा संशोधन केंद्रांनी ४१२ रुग्ण निवडले. हे सगळे श्वासावाटे स्टेरॉइड घेत होते आणि तरीही त्यांचा दमा आटोक्यात नव्हता. छातीत जळजळीची तक्रार त्यांना नव्हती किंवा अगदी किरकोळ होती. म्हणजे 'लपलेले पित्त' दमा वाढवते का, हाच प्रश्न होता. निम्म्यांना इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ही चांगली भरभक्कम मात्रा, २४ आठवडे दिली. उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळते हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला.

दमा बिघडण्याच्या घटना मोजल्या: फुंकरीचा वेग दोन दिवस खूप उतरणे, तातडीने डॉक्टर गाठावा लागणे, स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागणे. औषध नसलेल्या गटात दर माणशी वर्षाला अशा २.३ घटना झाल्या, औषध घेणाऱ्या गटात २.५. म्हणजे फरक नाही. फुप्फुसांची क्षमता, रात्रीची जाग, लक्षणे, जीवनमान, कशातच फरक नाही. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सामू मोजल्यावर यांतल्या ४० टक्के रुग्णांत उलटा प्रवाह खरोखरच सापडला होता. निदान त्यांना तरी गुण यायला हवा होता; तोही आला नाही.

मुलांचे काय? २०१२ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. दमा आटोक्यात नसलेल्या पण पोटाची उघड तक्रार नसलेल्या ३०६ मुलांवर लान्सोप्राझोल आणि निरौषध गोळी यांची अशीच २४ आठवडे तुलना केली. दम्यात फरक पडला नाही. सामूच्या तपासणीत प्रवाह सापडलेल्या मुलांतही नाही. उलट औषध घेणाऱ्या मुलांत सर्दी-खोकला, घसा दुखणे यांसारखे श्वसनमार्गाचे संसर्ग सुमारे १.३ पट आढळले. जठरातले आम्ल हे पचनाला लागते तसे गिळलेल्या जंतूंना मारायलाही लागते, हे ध्यानात घेतले तर याचे फार आश्चर्य वाटू नये. 'गोळीने फायदा नाही झाला तर नुकसान तरी काय?' या नेहमीच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे.

दुसरी बाजू

टीका करताना विरुद्ध पुरावा दडवू नये. ज्यांना जळजळीचा उघड त्रास आहे त्यांच्याबाबत चित्र थोडे वेगळे आहे. २००५ च्या एका प्रयोगात दमा आणि पित्ताची लक्षणे दोन्ही असलेल्या २०७ प्रौढांना लान्सोप्राझोल दिले. रोजची लक्षणे आणि फुप्फुसांची क्षमता सुधारली नाही, पण दमा एकदम बळावण्याचे प्रमाण निरौषध गटात २०.४ टक्के होते ते औषधाच्या गटात ८.१ टक्क्यांवर आले. २००६ च्या ७७० रुग्णांच्या प्रयोगात एकंदर फरक पडला नाही. मात्र पित्ताचा त्रास आणि रात्रीचा दमा दोन्ही असणाऱ्यांत फुंकरीचा वेग किंचित वाढला. २०११ साली अशा ११ प्रयोगांतले २,५२४ रुग्ण एकत्र पाहिले तेव्हा सकाळच्या फुंकरीचा वेग सरासरी मिनिटाला ९ लिटरपेक्षाही कमी वाढल्याचे दिसले. निरोगी प्रौढाचा वेग ४०० ते ६०० लिटरच्या घरात असतो, हे लक्षात घेतले तर ही वाढ रुग्णाला जाणवण्याजोगी नाही.

शास्त्राच्या बाजूने आणखी एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. या गोळ्या आम्ल थांबवतात, प्रवाह थांबवत नाहीत. आम्ल नसलेले द्रव्य वर येतच राहते, आणि कदाचित तेच त्रास देत असेल. जठराचे तोंड शस्त्रक्रियेने आवळण्याचा ६२ रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांची लक्षणे सुधारली, पण फुप्फुसांची क्षमता वाढली नाही. शस्त्रक्रिया रुग्णापासून लपवता येत नाही, म्हणून इथे निरौषध गोळीसारखी तुलनाही नव्हती. हा प्रश्न अजून मोकळा आहे असे म्हणावे. परंतु तो मोकळा असणे हे गोळी सर्वांना वाटण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण गोळी तर आम्लावरच काम करते.

दम्यावरील जागतिक मार्गदर्शक तत्त्वांची भूमिकाही अशीच आहे. पित्ताची लक्षणे असतील तर त्यांच्यावर उपचार करावेत, त्या त्रासासाठीच करावेत. लक्षणे नसतील तर केवळ दमा आटोक्यात नाही म्हणून आम्लाची गोळी देऊ नये.

मग दमा आटोक्यात का येत नाही?

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पित्ताच्या गोळीने खिशाला भोक पडते हे खरे, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे ती खऱ्या कारणाचा शोध थांबवते.

'हट्टी' दम्यात दोन प्रकार असतात. एक, उपचार होऊनही न दबणारा खरोखर तीव्र दमा. दुसरा, उपचार नीट पोचतच नसल्यामुळे न दबणारा. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत (२०१५) दम्याच्या प्रौढ रुग्णांपैकी १७ टक्क्यांचा दमा आटोक्यात आणणे अवघड होते. पण औषध नियमित घेणारे आणि पंप बरोबर वापरणारेच मोजले तेव्हा खऱ्या तीव्र दम्याचे प्रमाण ३.७ टक्के उरले. बाकीच्यांची अडचण औषधाच्या पोचण्यात होती.

आपल्याकडे तर त्याही आधीची अडचण आहे. पुण्यासह देशातल्या अनेक केंद्रांत ग्लोबल अस्थमा नेटवर्कने केलेल्या पाहणीत, छातीत सूं-सूं आवाज होणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. निदान झालेल्यांतही श्वासावाटे स्टेरॉइड रोज घेणारे दहात एकाहून कमी होते. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'मुलीला पंप लावला तर लग्नाला अडचण' या समजुती त्यामागे आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. पंपातून जाणारे औषध थेट श्वासनलिकेत पडते, म्हणून त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. गोळीतून तेच काम करायचे तर मिलिग्रॅममध्ये औषध सगळ्या शरीरभर फिरवावे लागते.

पंप वापरण्याचीही रीत आहे. तो हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटावे, सावकाश श्वास ओढू लागतानाच दाबावा आणि मग दहा सेकंद श्वास रोखावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ चुकला की औषध घशात आपटते आणि रुग्ण म्हणतो, 'पंपाने गुण नाही.' मुलांसाठी पंपाला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, हा यावरचा उपाय. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्धा लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीला भोक पाडून, पंपाचे तोंड त्यात हवाबंद बसवून केलेला स्पेसर दम्याच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. कमी खर्चाची साधने बनवणाऱ्या शिक्षकांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. मात्र ती करायची डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

त्यानंतर घर आणि परिसर. चुलीचा धूर, मशेरी भाजतानाचा धूर, घरातल्या वडीलधाऱ्यांची बिडी. ज्वारीच्या मळणीची धूळ, तूर भरडतानाचा कोंडा, आडत बाजारातले पोते झटकणे. बार्शीसारख्या धान्याच्या पेठेत दम्याचा रुग्ण 'औषध घेऊनही बरं नाही' म्हणत असेल, तर तो दिवसभर कुठे बसतो हे पोटाच्या आधी विचारले पाहिजे. रक्तदाबाची काही औषधे आणि काही वेदनाशामकेही दमा वाढवतात. त्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवाव्यात.

एक इशारा मात्र उलट दिशेनेही द्यायला हवा. पित्ताच्या गोळीवर टीका आहे म्हणून छातीतल्या जळजळीकडे दुर्लक्ष करू नये, आणि डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी सुरू केलेली गोळी आपल्या मनाने बंदही करू नये. विशेषतः घास अडकणे, गिळताना दुखणे, वजन उतरणे ही लक्षणे असतील तर गोळ्यांवर दिवस काढणे धोक्याचे. १९८७ साली सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत, जी ग्रामीण भागातली देशातली पहिलीच, अन्ननलिकेचा कर्करोग वारंवार आढळणाऱ्या कर्करोगांत आहे. तो सहसा आम्लामुळे होत नाही, पण 'पित्त असेल' म्हणून त्याचे निदान लांबते.

वर्गात

आठवी-नववीच्या वर्गात नियंत्रित प्रयोग शिकवताना आपण बहुधा दोन कुंड्या घेतो, एक उजेडात आणि एक अंधारात. तो प्रयोग चांगलाच आहे. त्याच्या जोडीला ही गोष्ट सांगून पाहावी आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत. दोन गोष्टी एकत्र दिसल्या; पहिलीमुळे दुसरी, दुसरीमुळे पहिली, की तिसरीमुळे दोन्ही? औषध घेतल्यावर बरे वाटले. न घेता किती जणांना वाटले असते? आणि काय मोजले: वाटले ते, की यंत्राने दाखवले ते? घरी चाललेल्या कोणत्याही उपचाराला, तो कोणत्याही पॅथीचा असो, हेच प्रश्न लावून आणायला सांगावेत. उत्तरे ऐकण्यासारखी असतील. मात्र कुणाचे औषध बंद करायला सांगणे हा या गृहपाठाचा भाग नाही, हेही आधीच बजावून ठेवावे.

आणि एक लहान काम. आपल्या वर्गात दम्याचे एखादे मूल असण्याची शक्यता बरीच आहे. त्याचा पंप दप्तरात आहे का, तो त्याला सर्वांसमोर वापरता येतो का, झटक्याच्या वेळी तो शिक्षकखोलीच्या कपाटात कुलपात तर नसतो ना, एवढे उद्या जरूर पाहावे. त्या मुलाला पोटाच्या गोळीपेक्षा याचा उपयोग नक्की अधिक होईल.